धागा: प्रचाराची गाणी मी बनवतो, पण मत खरंच कशानं फिरते?

स्टुडिओवाला_आर्णी
नमस्कार मंडळी. बरेच दिवसांपासून लिहीन लिहीन म्हणून राहिलो होतो. आज सोयाबीन निघालं, दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून बसलो. लांब होईल, सांभाळून घ्या.

माझं आर्णी तालुक्यात एका गावात छोटं दुकान हाय. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लग्नाचे व्हिडिओ, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि निवडणूक आली की प्रचाराची गाणी. गाणं म्हणजे काय, तर लोकायच्या तोंडात बसलेली एखादी चाल घ्यायची, तिचा ट्रॅक काढायचा, त्यावर उमेदवाराचं नाव, चिन्ह अन् वार्ड नंबर बसवायचा, भजनी मंडळातल्या दोन पोट्ट्यायले कोरसले उभं करायचं आणि ऑटोवर भोंगा बांधून द्यायचा. मागच्या ग्रामपंचायतीले मी दोन्ही पॅनलची गाणी बनवली, एकाच दिवशी, एकाच माइकवर. मले त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. सुतार दोघं भांडणाऱ्या भावायलेही वखर बनवून देते, तसं.

आता जे सांगायचं हाय ते वेगळं हाय. आमच्या गावची १५ ऑगस्टची ग्रामसभा मी मोबाईलवर पूर्ण शूट केली होती, चाळीस मिनिटं. त्यात एक काकू बोलल्या. आधी एक टर्म सदस्य होत्या, पुन्हा उभ्या राहणार होत्या. पांदण रस्ता म्हणजे शेतात जायचा रस्ता, त्याचा विषय होता. त्या बोलल्या ते असं, "लोक म्हणतात पांदण रस्त्याचे पैसे आम्ही खाल्ले. खाल्ले असतील तर कागद दाखवा, मी इथंच हात जोडून माफी मागते." बस्स. एका पोट्ट्यानं माझ्याकडून पेनड्राईव्हवर फाइल मागितली, मी दिली, गावचंच पोट्टं, काहून नाही देणार. मतदानाच्या तीन दिवस आधी क्लिप फिरली. अकरा सेकंदाची. "पांदण रस्त्याचे पैसे आम्ही खाल्ले... मी इथंच हात जोडून माफी मागते." मधलं कापलं, खाली खलनायक येते तेव्हा वाजते तसं म्युझिक, आणि शेवटी हसण्याचा आवाज. संध्याकाळपर्यंत पुण्याले कंपनीत कामाले गेलेल्या पोट्ट्यायच्या फोनवर पोहोचली होती, तिथून ते घरी फोन करून विचारत होते, हे खरं हाय काय म्हणून.

काकू दुकानात आल्या. रडल्या नाही, चिडल्या नाही. एवढंच म्हणाल्या, "तू तर तिथंच होता ना रे बावा." मी त्याच रात्री पूर्ण व्हिडिओ टाकला. चाळीस मिनिटं कोण पायते. ज्यायनं क्लिप पुढं ढकलली त्यातल्या एकानंही तो शेवटपर्यंत पायला नसन.

त्या पडल्या. क्लिपनंच पडल्या असं मी म्हणत नाही, भावकी होती, वार्डातलं जातीचं गणित होतं, बाकी जे चालते तेही चाललं. पण एक गोष्ट मी डोळ्यानं पायली. त्या तीन दिवसात अख्ख्या गावात पांदण रस्त्याचं कोणीच बोललं नाही. काकूनं माफी मागितली की नाही मागितली यावरच चावडीवर, पानठेल्यावर, नळावर बोलणं चालू. रस्ता तसाच हाय. पावसाळ्यात खताचं पोतं डोक्यावर न्यावं लागते, बैलगाडीचा आख चिखलात बसते.

तर मले तुमाले विचारायचं हाय. गाण्यानं, रीलनं, क्लिपनं मत फिरते का? का मत जिथं जायचं तिथंच जाते, आणि फिरते ते आपलं बोलणं? मले दुसरं खरं वाटून राहिलं. ज्यायले यातलं कळते त्यायनं लिहा.

मास्तर_तिवसा
दादा, धागा दोनदा वाचला. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आता घरी आहे, त्यामुळे थोडं मागचं सांगतो.

गाण्यातून राजकारण ही गोष्ट आपल्या भागाला मोबाईलनं शिकवलेली नाही. आमच्या गावापासून मोझरीचा गुरुकुंज आश्रम जवळ. तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी होती, दुसरं काही नव्हतं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं, तिकडे आष्टी पेटलं, त्यात त्यांच्या भजनांचा वाटा इंग्रज सरकारनंच मानला, कारण त्यांना अटक करून नागपूरच्या आणि मग रायपूरच्या जेलात ठेवलं. भजन म्हणणाऱ्या माणसाला सरकार उगाच जेलात घालत नाही. त्याच्या किती आधी, १८९३ पासून, टिळकांनी गणेशोत्सव चौकात आणला तोही याच हिशेबानं, की जिथं माणसं गाण्यासाठी जमतात तिथं दुसरंही बोलता येतं.

पण मला तुमच्या क्लिपशी जोडून आठवतात ते गाडगेबाबा. माझे वडील त्यांच्या कीर्तनाला बसलेले. ते सांगायचे की बाबा लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढायचे. कर्ज काढून सण करता का, बकरं कापता का, पोराला शाळेत घालता का. समोरचा उत्तर देत देत स्वतःच अडकायचा. आणि सकाळी त्याच गावाचा रस्ता बाबांनी खराट्यानं झाडलेला असायचा, मग रात्री कीर्तन. म्हणजे बोलणारा माणूस समोर उभा, त्याचा हात दिसतोय, त्याचं काम दिसतंय. कोणाला पटलं नाही तर तो तिथंच उठून बोलू शकत होता. तुमच्या अकरा सेकंदाच्या क्लिपला विचारायचं कोणाला? बनवणाऱ्याचं तोंड कुठं आहे?

जुनं सगळं सोन्याचं होतं असंही म्हणत नाही. कीर्तनात, तमाशाच्या बतावणीत जातीवरून, बायकांवरून टोमणे मारणारेही होते, आणि ज्यांच्यावर मारले जायचे ते मागं बसून खाली मान घालून ऐकायचे. ते मी पाहिलंय.

वणीकर
माझं मत सरळ आहे, यानं मत फिरत नाही. २०१९ ची लोकसभा आठवा. राज ठाकरेंच्या "लाव रे तो व्हिडिओ" च्या सभा, पक्षाचा एक उमेदवार उभा नाही आणि माणूस मोठ्या पडद्यावर जुन्या भाषणांचे व्हिडिओ दाखवून दाखवून बोलतोय, घराघरात लोक टीव्हीसमोर बसून बघत होते, शाळेतली पोरं ते वाक्य म्हणत होती. निकाल काय? ज्यांच्या विरोधात ते बोलत होते त्या भाजप-शिवसेना युतीला ४८ पैकी ४१. काँग्रेसला राज्यात एकच जागा मिळाली ती आपल्या चंद्रपूरची, वणी आणि आर्णी दोन्ही त्याच मतदारसंघात येतात, आणि आपलं मतदान ११ एप्रिललाच होऊन गेलं होतं, त्या सभांचा जोर नंतरचा.

दुसरं, जून २०२२ मध्ये गुवाहाटीहून शहाजीबापू पाटलांचा फोनवरचा आवाज आला, काय झाडी काय डोंगार काय हाटील. त्यावर गाणी निघाली, डीजेवर वाजलं, लग्नात वाजलं, टी-शर्ट निघाले. महाराष्ट्रात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. २०२४ ला सांगोल्यात ते पडले. प्रसिद्धी वेगळी, मत वेगळं.

उजेड_वाशिम
वणीकर दादा, मग १८ ऑक्टोबर २०१९ ची साताऱ्याची पावसातली सभा? शरद पवार भिजत बोलले, तो फोटो रात्रीत फिरला, तीन दिवसांनी मतदान आणि साताऱ्याची पोटनिवडणूक राष्ट्रवादीनं काढली. तुम्ही दोन उदाहरणं दिली म्हणून मी एक दिलं. यावरून काहीच सिद्ध होत नाही, तुमच्यानंही नाही आणि माझ्यानंही नाही.

वणीकर
ताई, पटलं. फोटोच्या आधीही तिथं लोकांच्या मनात काही असणार, फोटोनं त्याला तोंड दिलं असं म्हणू.

वडसेकर
आमच्याकडं झाडीपट्टीत हे गणित थोडं निराळं चालतंय म्हणून लिहितो. दिवाळी झाली, धान कापून झाला की मंडई म्हणजे जत्रा भरतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि तिथून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, चारही जिल्ह्यात. सगळ्या कंपन्यांची ऑफिसं आमच्या वडसा देसाईगंजला, लोक इथं येऊन तारीख बुक करतात. तिकीट काढून, थंडीत चादर पांघरून, बायका पोरं घेऊन पहाटेपर्यंत माणूस नाटक बघतो. २०२३ ला आमच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना कळलं की असं काही आहे.

आता राजकारण कुठं येतं. नाटकाच्या पोस्टरवर अर्ध्या भागात नटांचे फोटो आणि अर्ध्या भागात उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे. आमदार, माजी आमदार, जिल्हा परिषदेला उभं राहायचं असलेला, सोसायटीचा अध्यक्ष, सगळे. पडदा उघडायच्या आधी एक तास भाषणं आणि सत्कार. कोणाला स्टेजवर बोलावलं, कोणाची खुर्ची मधी, कोणाची कडेला, कोणाचं नाव पोस्टरवर लहान अक्षरात, यावरून गावाला कळतं पुढच्या निवडणुकीत काय होणार. मंडळाला देणगी कोणी किती दिली तेही माइकवर सांगतात. म्हणजे नाटकात राजकारण नसतं, नाटकाच्या आधीच्या तासात असतं.

पण त्या तासात एक चांगली गोष्ट मी बघतो. तो नेता एक तास आमच्या समोर बसलेला असतो. गेल्या साली एका म्हाताऱ्यानं भाषण चालू असताना उभं राहून विचारलं की धानाचा बोनस कधी जमा होणार. मंडळाचे पोरं त्याला बसवायला धावले पण प्रश्न माइकवर गेला तो गेला. अन् नेत्याला उत्तर द्यावं लागलं, खोटं का असेना, चार गावच्या लोकांसमोर दिलं.

आता दोन वर्षांपासून नेते येत नाहीत, व्हिडिओ पाठवतात. पडद्यावर शुभेच्छा. त्या व्हिडिओला म्हातारा काय विचारणार.

स्टुडिओवाला_आर्णी
वडसेकर भाऊ, असे शुभेच्छा व्हिडिओ मीही बनवतो. एकच शूट, बारा गावायची नावं वेगवेगळी. तुमचं वाचून आत्ता डोक्यात आलं की ते मी काय बनवून राहिलो.

प्राणहिता_काठ
सिरोंच्याहून लिहितोय. आमच्याकडं घरी मराठी, बाजारात तेलुगू, पिक्चर तर तेलुगूच. नदी ओलांडली की तेलंगणा. त्यामुळे नट आणि राजकारण हे आम्हाला लहानपणापासून माहीत.

एन. टी. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले, मधी नऊ दहा महिने. एका जुन्या गाडीला रथ बनवून गावोगाव फिरले, त्याच गाडीत झोपायचे, रस्त्यावर उतरून आंघोळ करायचे. माझे आजोबा सांगायचे की लोक त्यांना कृष्ण म्हणून बघायला यायचे, कारण पडद्यावर तेच कृष्ण. पण आजोबा त्याच्या पुढचंही सांगायचे, की लोक परत जाताना कृष्णाचं कमी आणि दोन रुपये किलो तांदळाचं जास्त बोलत जायचे. नट म्हणून गर्दी आली, तांदूळ म्हणून मत आलं.

नुसतं नट असून होत नाही हे पण तिथंच दिसलं. चिरंजीवी यांनी २००८ ला पक्ष काढला, सभांना माणूस मावत नव्हता, २००९ ला २९४ पैकी १८ जागा, आणि २०११ मध्ये पक्ष काँग्रेसमध्ये नेला. हिंदीतही बघा, १९८७ ला रविवारी सकाळी रामायण लागायचं, रस्ते ओस पडायचे. त्यातल्या सीता आणि रावण १९९१ ला दोघेही खासदार झाले, गुजरातमधून, एकाच पक्षाचे. रामाचं काम केलेले अरुण गोविल २०२४ ला मेरठहून निवडून आले. एवढ्या वर्षांनीही तो चेहरा चालला. मला वाटतं चेहरा लोकांना थांबवतो, ऐकायला लावतो. थांबवल्यावर तुम्ही काय सांगता हा पुढचा भाग. स्टुडिओवाले दादांच्या क्लिपनं लोकांना थांबवलं आणि सांगायला काहीच नव्हतं, म्हणून तो रस्ता मागं राहिला.

उजेड_वाशिम
आता मी जरा वेगळं बोलते, कोणाला लागलं तर लागू दे.

इथं सगळे असं बोलताय जसं गाणं म्हणजे प्रचारवाल्यांनी आपल्यावर सोडलेली गोष्ट. आमच्या वस्तीत गाणं म्हणजे शाळा होती. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर होती, आपल्या बापाच्या खांद्यावर. तिला अक्षर येत नव्हतं. पण बाबासाहेब काय बोलले, महाडला काय झालं, घटनेत काय लिहिलंय, हे तिला सगळं पाठ, कारण ते भीमगीतातून आलं. जलसे करणारे लोक गावोगाव फिरायचे, वामनदादा कर्डकांसारखे शाहीर आयुष्यभर फिरले. १४ एप्रिलला आमच्या समाजमंदिरासमोर रात्रभर गाणी व्हायची आणि बायका पाठ करून घरी जात्यावर म्हणायच्या. हे राजकारण नाही तर काय आहे? कोणत्या पक्षानं त्याचे पैसे दिले? कोणी नाही. वर्गणी काढून झालं सगळं.

आणि नवीन माध्यमाला नावं ठेवताना एक लक्षात घ्या. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचा मूकनायक निघाला तेव्हा केसरीनं पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. ज्यांचं छापून येत होतं त्यांना नवीन माध्यमाची भीती वाटते. ज्यांचं कधीच छापून आलं नाही त्यांच्यासाठी मोबाईल हा पहिला छापखाना आहे. आमच्या गावात स्मशानभूमीच्या रस्त्यावरून वाद झाला, पेपरवाला आला नाही, माझ्या भावानं लाइव्ह केलं तेव्हा तहसीलदार आले. तेव्हा कोणी म्हटलं नाही की अहो, लाइव्हला तोंड नाही. त्याचं तोंड दिसत होतं, त्याला नंतर त्रासही झाला, पण त्यानं डिलीट केलं नाही.

म्हणून दादा, फरक माझ्या मते जुनं आणि नवं यात नाही. आमची गाणी म्हणणारा कोण ते सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या गावची क्लिप कोणी कापली ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही इथंसुद्धा "एक पोट्टं" लिहिलंत.

स्टुडिओवाला_आर्णी
ताई, लागलं. पण खरं हाय.

पऱ्हाटी
लय चांगला धागा हाय हा. म्या शेतकरी माणूस, टाइप कराले वेळ लागते, चुका असन तर वाचून घ्या.

तुमी सगळे गाण्याचं बोलून राहिले. मले वाटते आमी शेतकरीच आता गाणं झालो. म्हंजे आमचा फोटो. भेगा पडलेली जमीन, डोक्याले हात लावून बसलेला म्हातारा, मागं पऱ्हाटी. जुलै २००८ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या जळका गावच्या एका विधवा बाईचं नाव राहुल गांधीनं लोकसभेत घेतलं, दुसऱ्या दिवशी देशातला प्रत्येक कॅमेरा तिच्या दारात. २० मार्च २०१४ ले मोदी आमच्या तालुक्यातल्या दाभडीले आले, शेतकऱ्यासोबत चाय पे चर्चा, ते देशभर ठिकठिकाणी पडद्यावर दाखवलं. दोन्ही पक्षायले यवतमाळच लागलं. मले कोणावर राग काढायचा नाही, पण म्या विचारतो की आमचं दुःख कॅमेऱ्यात चांगलं दिसते म्हणून आमच्याकडे येता, मंग कापसाचं बोलणं कॅमेरा बंद झाल्यावर कोण करते?

आता २०२५ चं पाहा. १९ ऑगस्ट २०२५ ले बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत सांगतलं, मंग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. आपला कापूस बाजारात येते तोच टाइम. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याले ७७१० अन् लांब धाग्याले ८११० होता, पण तो भेटाले सीसीआयच्या, म्हंजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर नोंदणी, ओलावा, नंबर, किती भानगडी. हे शुल्काचं मले कोणी सांगतलं? पेपरनं नाही, पुढाऱ्यानं नाही. यूट्यूबवर एक शेतकऱ्याचंच पोट्टं रोज बाजारभाव सांगते, त्यानं सांगतलं. म्हून उजेडताईचं मले पटते, फोन वाईट नाही.

पण माह्या घरात दोन पोरं हायत, दोघायच्या फोनवर त्या महिन्यात दुसरंच चालू होतं. कोणत्या नेत्यानं कोणाले काय म्हटलं, त्यावर रील, त्या रीलवर रील. म्या म्हटलं आरे शुल्क माफ झालं, आपला भाव पडन. मोठा म्हणते बाबा ते बोअर हाय. बापाचा कापूस बोअर हाय अन् कोण कोणाले काय म्हणलं ते बोअर नाही. त्याचा दोष नाही काढत म्या, त्याले जे समोर येते ते तो पायते. समोर आणणारा कोण हाय ते मले समजत नाही.

सातबारा_तिच्या_नावे
काका, मी तुमच्या मोठ्या मुलाच्याच वयाची असेन. आम्हाला शुल्क बोअर वाटत नाही, कोणी नीट सांगत नाही. तुम्ही म्हणता तो यूट्यूबवाला नीट सांगतो म्हणून तुम्ही ऐकलंत ना.

मला काकूंबद्दल बोलायचंय. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे. पण गावाचा जो व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, "आपलं गाव", "जय अमुक ग्रुप", त्यात बायका किती असतात बघा. आमच्या गावच्या ग्रुपमध्ये सरपंच बाई आहे आणि नंबर तिच्या नवऱ्याचा आहे. म्हणजे क्लिप फिरली ती पुरुषांमध्ये. बायकांना ती तोंडी कळली, नळावर, आणि तोंडी कळताना अजून वाढून कळली. ज्या काकूंची बदनामी झाली त्यांना स्वतःला ती क्लिप कधी दिसली? बहुतेक सगळ्यात शेवटी.

आणि बाईवरची क्लिप पैशावर थांबत नाही. आमच्या बाजूच्या गावात उभी राहिलेल्या एका ताईचा हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात नाचतानाचा व्हिडिओ प्रचारात फिरवला. नुसता नाचतानाचा. त्याखाली जे लिहिलं होतं ते मी इथं लिहू शकत नाही. पुढच्या वेळी आरक्षण आलं तेव्हा त्या गावात उभं राहायला बाई मिळेना, एकाच्या आईला बळंच उभं केलं. वणीकर काका विचारतात ना मत फिरतं का. मत पुढची गोष्ट झाली, इथं उमेदवारच मागं फिरली.

वणीकर
हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. मी फक्त निकाल मोजत होतो.

नेटकर_वर्धा
पऱ्हाटी काकांनी विचारलं की समोर आणणारा कोण. जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो, मी याच कामात आहे.

रील तुमच्या समोर माणूस आणत नाही, मशीन आणते. ती बघते की तुमच्या मुलानं कशावर जास्त वेळ बोट थांबवलं, काय पुन्हा पाहिलं, काय मित्राला पाठवलं. भांडण आणि टिंगल यावर माणूस थांबतो, हे तिला दिसतं, मग ती तसलंच पुढं देते. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हापासून हे खेड्यात पोहोचलं, त्याआधी आपण मेमरी कार्डमध्ये गाणी भरून आणायचो.

व्हॉट्सअॅपचं वेगळं आहे. तिथं मशीन नाही, आपणच आहोत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना मारून टाकलं, भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते. तशा घटना देशात बऱ्याच झाल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली, आणि एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात. दोन बाण दिसले की समजायचं, पाठवणाऱ्याला स्वतःला हे कुठून आलं माहीत नाही.

प्रचाराचं विचाराल तर फेसबुक आणि इन्स्टावर पैसे देऊन चालवलेली राजकीय जाहिरात असेल तर कोणी पैसे दिले ते तिच्यावर लिहावं लागतं, आणि त्यांच्या अॅड लायब्ररीत कोणीही शोधू शकतं. विधानसभा लोकसभेला केंद्रीय निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर तक्रार करता येते. पण ग्रामपंचायत आणि झेडपी राज्य निवडणूक आयोगाकडे, तिथं तहसीलला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी देता येतं. आणि दादा, तुमच्या गावच्या क्लिपसारखी गोष्ट, जिला कोणी पैसे दिले नाहीत, जी नातेवाइकांनी नातेवाइकांना पाठवली, ती यातल्या कशातच बसत नाही. तुमच्याकडं मूळ फाइल आहे ना अजून? ती सांभाळा. तारीख वेळेसकट. तीच एक गोष्ट आहे जी खरी आहे.

मास्तर_तिवसा
नेटकर, फाइल सांभाळून काय होणार? ती चाळीस मिनिटं कोणी बघत नाही हे त्यांनी आधीच लिहिलंय.

वडसेकर
मोबाईलवर कोणी बघत नाही. चार माणसात बसवलं तर बघतंय. आमच्याकडं लोक सहा सहा तास बसतात ना नाटकाला.

स्टुडिओवाला_आर्णी
मंडळी, आठ दिवस झाले, उशीर झाला, माफ करा. वडसेकर भाऊचं वाक्य डोक्यात बसलं होतं.

पयले मी त्या पोट्ट्याले भेटलो. इथं नाव लिहित नाही, उजेडताई रागावतीन, पण त्याच्या तोंडावर बोललो, त्याच्या बापासमोर. तो म्हणे, मले कापाले दुसऱ्यानं सांगतलं, पाचशे रुपये दिले. कोणी, ते त्यानं सांगतलं. मले धक्का बसला नाही कारण त्या माणसाचं गाणंही मीच बनवलं होतं.

मंग काकूले विचारलं, की पूर्ण ग्रामसभा पारावर लावतो, चालन काय. त्या नको म्हणाल्या, झालं गेलं म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यायनंच पोराच्या हाती निरोप पाठवला की लाव. बुधवारी बाजारचा दिवस असते. संध्याकाळी लग्नाले वापरतो तो प्रोजेक्टर आणला, मारोतीच्या पारावर पांढरं धोतर बांधलं, आणि आवाजाले तोच ऑटोवरचा भोंगा. आधी क्लिप लावली. लोक हसले. मंग म्हटलं आता पूर्ण पाहा, अन् चाळीस मिनिटं लावली.

सगळे बसले नाही. काही उठून गेले, दोघायनं आवाज बंद कर म्हणून सांगतलं. पण चाळीस पन्नास माणसं शेवटपर्यंत होती, अन् सातबारा ताई, बायका होत्या, बाजाराच्या थैल्या घेऊन उभ्या होत्या. काकूचं ते वाक्य आलं तेव्हा कोणी काही बोललं नाही. एका म्हातारीनं तेवढं पुन्हा लाव म्हटलं. मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

काकू स्वतः आल्या नव्हत्या.

सातबारा_तिच्या_नावे
दादा, काकू काय म्हणाल्या नंतर? त्यांना कळलं का लोक बसले होते ते?

स्टुडिओवाला_आर्णी
कळलं. सकाळी दुकानात आल्या. म्हणाल्या, "माह्यं ते झालं. पण तू ज्या व्हिडिओत मी कागद दाखवा म्हटलं तो लावला, मंग कागद कुठी हाय? ते तर कोणीच विचारलं नाही." आणि खरंच, त्या रात्री पारावर बसलेल्या कोणीच नाही विचारलं. मीही नाही.

मास्तर_तिवसा
माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आधी ग्रामसेवक म्हणायचे. पांदण रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिलांच्या प्रती असं स्पष्ट लिहा, नुसतं "रस्त्याची माहिती" लिहिलं तर काहीही देतात. मसुदा पाहिजे असेल तर मी पाठवतो.

स्टुडिओवाला_आर्णी
पाठवा सर. अर्जावर सही काकू करणार हायत, मले म्हणाल्या तुले दोन्हीकडून गिऱ्हाईक लागते, माह्या नावानं टाक. मी म्हटलं नाही, दोघायच्या नावानं टाकू. सोमवारी ग्रामपंचायतीत देऊन पोच घेतो. ३० दिवसात काय येते ते इथंच टाकीन.